गादीला आणि उशीला झिपवाली खोळ: सकाळच्या शिंकांवर घातलेल्या पैशांचा रिव्ह्यू (मानपाडा, ठाणे)

आधीच सांगून टाकते, पाचपैकी चार स्टार. एक स्टार उकाड्यामुळे आणि मापाच्या झंझटीमुळे कापलाय, ते खाली येईलच. ज्यांना एवढं वाचायचा पेशन्स नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: उशीची झिपवाली कव्हरं डोळे झाकून घ्या, गादीचं कव्हर नीट माप घेऊन घ्या, आणि नुसतं "अँटी डस्ट माइट" (डस्ट माइट म्हणजे घरातल्या धुळीत, गाद्या-उशांत राहणारा बारीक जीव) छापलंय म्हणून पंचवीस-तीस हजारांची नवीन गादी मात्र घेऊ नका.

आम्ही मानपाड्याला राहतो, घोडबंदर रोडला लागूनच. इकडे कोणालाही शिंक आली की पहिलं नाव मेट्रोचं निघतं. मेट्रो 4 चं काम, त्यात नवीन टॉवरांची धूळ, सकाळी पुसलेलं ग्रिल संध्याकाळी परत राखाडी, हे सगळं खरंच आहे, वाद नाही. पण माझं गणित काही जुळत नव्हतं. मला शिंका यायच्या त्या सकाळी अंथरुणातच, नीट जाग यायच्या आधी, एकामागून एक, नाक चोंदलेलं, टाळूला खाज, आणि ऑफिसला पोचेपर्यंत सगळं गायब. रस्त्याच्या धुळीचा त्रास असता तर रिक्षात बसून स्टेशनला जाताना वाढायला हवा होता ना, तो तर कमी व्हायचा. आणि सगळ्यात वाईट महिने कुठले तर जुलै-ऑगस्ट-सप्टेंबर, जेव्हा पावसाने रस्त्यावरची धूळ बसलेली असते.

मग ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे हातावर थेंब टाकून टोचायची ती स्किन प्रिक टेस्ट केली. (तिच्या आधी काही दिवस ॲलर्जीची गोळी बंद ठेवावी लागते नाहीतर रिझल्ट गंडतो, डॉक्टरांना विचारूनच बंद करा.) परागकण, झुरळ, मांजर यांच्या थेंबांना फारसं काही झालं नाही, डस्ट माइटच्या थेंबाखाली मात्र चांगली टम्म गांधी उठली.

आता सोसायटीत हे सांगितलं की पहिला सल्ला मिळतो पेस्ट कंट्रोल करून घे. अहो, हे ढेकूण नाहीत. माइट चावत नाही, रक्त पीत नाही, नुसत्या डोळ्यांना दिसत पण नाही, जेमतेम 0.3 मिलिमीटरचा जीव. आपल्या अंगावरून रोज जो कातडीचा कोंडा गळतो तो खाऊन जगतो आणि ॲलर्जी होते ती मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रोटीनची. घरातल्या धुळीत नक्की कशामुळे त्रास होतो हे डॉक्टर लोकांनाही बरीच वर्षं कळत नव्हतं, 1964 मध्ये हॉलंडमधल्या लायडनच्या संशोधकांनी पहिल्यांदा या माइटकडे बोट दाखवलं. आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा प्राणी पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषून घेतो. आर्द्रता बरेच दिवस 50 टक्क्यांच्या खाली राहिली तर सुकून मरतो. आता एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला येऊर, अशा आपल्या ठाण्यात हिवाळ्यातल्या दुपारी सोडल्या तर 50 च्या खाली कधी जाणार? पावसाळ्यात तर 80-90 चालूच असते. म्हणजे आपण त्यांना राहायला, खायला, प्यायला सगळं फुकट देतोय.

अजून एक, एअर प्युरिफायरच्या बाबतीत. आमच्या शेजारच्यांनी घेतलाय आणि मेट्रोच्या बारीक धुळीसाठी तो ठीकच आहे. पण माइटचा कचरा (विष्ठा वगैरे) त्यामानाने जड असतो, गादी झटकली की उडतो आणि थोड्याच वेळात परत खाली बसतो. प्युरिफायरपर्यंत पोचायच्या आधीच तो परत चादरीवर. आणि आपलं नाक रात्री सात-आठ तास उशीत खुपसलेलं. म्हणून खर्च करायचा तर आधी उशीवर, मग गादीवर, मग बाकीचं.

आता मुद्द्याचं. दुकानात "मॅट्रेस प्रोटेक्टर द्या" म्हटलं की समोर येतं ते बहुतेक वेळा इलास्टिकवालं, वरून टॉवेलसारखं कापड आणि खालून वॉटरप्रूफ थर. ते लहान मुलाने सू केली किंवा नवऱ्याने बेडवर बसून चहा सांडला यासाठी. गादीच्या खालची बाजू पूर्ण उघडी राहते, त्यामुळे ॲलर्जीसाठी त्याचा फार उपयोग नाही. आपल्याला लागते ती सहाही बाजूंनी बंद होणारी झिपवाली खोळ, ऑनलाइन शोधताना "एन्केसमेंट" किंवा "झिपर्ड" टाका नाहीतर शंभर इलास्टिकवाली दाखवतात.

त्यातही प्रकार आहेत. रेक्झिन किंवा प्लास्टिकवालं, जांभळी नाक्याकडे गादीवाल्यांकडे विचारलं तर म्हणाले दोन दिवसांत शिवून देतो ताई, कुठलंही माप द्या, पैसे पण कमी. माइट अडवायला रेक्झिनला तोड नाही पण त्यावर मे महिन्यात झोपायची हिंमत असेल त्यांनीच घ्यावं. दुसरं नॉन-वोव्हन, लग्नाच्या आहेराच्या पिशव्यांचं असतं ना तेच कापड, सगळ्यात स्वस्त, पण पटकन फाटतं आणि त्याच्या तंतूंच्या जाळीत माइट्स स्वतःच अडकून राहतात, म्हणजे कव्हरच घर. तिसरं, निटेड कापडाला आतून पातळ पॉलियुरेथेनचा (एक प्रकारचं प्लास्टिक) थर दिलेलं. आणि चौथं, एकदम घट्ट विणलेलं मायक्रोफायबर किंवा कॉटन, कुठलाही थर नाही, फक्त विणच इतकी गच्च की हवा जाते पण कचरा जात नाही. हे सगळ्यात चांगलं आणि सगळ्यात महाग.

घट्ट म्हणजे किती घट्ट, तर छिद्र 10 मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान असेल तर माइटची विष्ठाही अडते. घरात मांजर असेल आणि तिचीही ॲलर्जी असेल तर 6 मायक्रॉनच्या आसपास बघा. विकणाऱ्याने हा आकडा कुठेच दिला नसेल आणि नुसतं "400 थ्रेड काउंट" (ठरावीक जागेत किती धागे आहेत तो आकडा) लिहिलं असेल तर सोडून द्या, थ्रेड काउंटचा आणि छिद्राचा थेट संबंध नाही, दोन-तीन पदरी धागा वेगवेगळा मोजून आकडा फुगवतात. दुकानात असाल तर मी एक साधी गोष्ट करते, कापड तोंडाला लावून फुंकर मारते. आरपार सहज गेली तर ते कापड आपल्या कामाचं नाही. लॅबची टेस्ट नाही ही, पण थातुरमातुर माल लगेच कळतो.

मी काय घेतलं: उशांना चौथ्या प्रकारचं, घट्ट विणलेलं, जोडी साधारण सातशे रुपयांना. गादीला तिसऱ्या प्रकारचं, थरवालं, अठ्ठावीसशेच्या आसपास, कारण आमचा बेड सुताराकडून करून घेतलेला बॉक्सवाला आहे, त्याची गादी कुठल्याच स्टँडर्ड मापात बसत नाही आणि विणलेल्यामध्ये कस्टम माप परवडेल अशा किमतीत मिळालं नाही.

उशीचं कव्हर एक नंबर. पाचपैकी पाच. वरून नेहमीचा अभ्रा घातला की आत काही आहे हे कळत पण नाही, आवाज नाही, घाम नाही. घालायच्या आधी जुन्या उशा टाकून दिल्या, किती वर्षांच्या होत्या देव जाणे, पिवळ्या पडलेल्या. नवीन साध्या फायबरच्या आणल्या आणि दुकानातून आल्या आल्या कव्हरमध्ये. इथे एक गैरसमज, लोक म्हणतात पिसांची उशी वाईट आणि सिंथेटिक चांगली, प्रत्यक्ष मोजून बघितलं तेव्हा सिंथेटिक उशांमध्येच माइटचा कचरा जास्त सापडला होता. कारण पिसं टोचून बाहेर येऊ नयेत म्हणून त्या उशीचं मूळ कापडच घट्ट विणलेलं असतं. तेव्हा आत काय भरलंय याच्यापेक्षा बाहेर काय आहे ते बघा. सासूबाईंना सावरीच्या कापसाचीच उशी लागते, ठीक आहे, त्यांच्या सावरीच्या उशीलाही तेच कव्हर घातलं, दोघी खूश.

गादीचं कव्हर साडेतीन. माइटसाठी काम करतं यात शंका नाही. पण पहिले काही आठवडे कूस बदलली की वेफरच्या पाकिटासारखं चरचरायचं, नवरा वैतागला होता, दोन-तीन धुण्यांनंतर आवाज बराच गेला. उकाडा मात्र राहिला. एसी लावला की काही वाटत नाही, पण लाईट गेली किंवा एप्रिलमध्ये नुसत्या पंख्यावर झोपलात तर पाठ ओली होते. त्यावर तोडगा म्हणून मी कव्हर आणि चादरीच्या मध्ये आईकडची जुनी पातळ गोधडी घालते, घाम ती शोषते आणि ती मशीनमध्ये धुताही येते. जाड गोधडी नको, ती वाळत नाही.

चढवताना दोन माणसं लागतात हे लक्षात घ्या. गादी उभी करायची, वरून कव्हर ओढायचं, आडवी करून झिप लावायची. झिप पायाच्या बाजूला येऊ दे, डोक्याकडे नको, कारण काहीही म्हणा, झिपचं शेवटचं टोक ही सगळ्यात कच्ची जागा, तिथे जी एक बोटभर फट राहते त्यावर मी कापडी टेप चिकटवलाय. झिपवर आतून पट्टी शिवलेली असेल तर अजून चांगलं. आणि ज्याला ॲलर्जी आहे त्याने हे काम करू नये, किंवा मास्क लावून करावं. मी बाहेर गॅलरीत उभी राहून सूचना देत होते, सगळं काम नवरा आणि वॉचमन काकांनी केलं.

सूचनांवरून आठवलं, सासूबाईंची सूचना. "अगं एवढे पैसे घालण्यापेक्षा गादी उन्हात टाक, आम्ही काय करत होतो?" तर त्यांचं अर्धं बरोबर आहे. कडक ऊन लागलं की गादी सुकते, तापते, माइट्स कमी होतात. पण मेलेल्या माइट्सचा कचरा गादीतच राहतो, ॲलर्जी त्याचीच असते, म्हणून उन्हात टाकल्यावर बदडायला पण पाहिजे. शिवाय गच्चीची चावी सेक्रेटरीकडे, सहा इंची फोमची गादी लिफ्टमध्ये मावत नाही, आणि ज्या चार महिन्यांत गरज सगळ्यात जास्त त्याच चार महिन्यांत ऊन नाही. त्यांच्या वेळी गादी कापसाची होती, पिंजारी दारात येऊन पिंजून द्यायचा, आता तो पण दिसत नाही. ऑक्टोबर हीटमध्ये उशा आणि गोधड्या मी अजूनही गॅलरीत ग्रिलवर टाकते, ते बंद केलेलं नाही.

आणि ते फ्री डेमोवाले. नाव घेत नाही, पण सोसायटीत एकदा तरी येऊन गेले असतीलच. भला मोठा व्हॅक्युम क्लीनर, त्याच्या तोंडाला काळं फडकं लावतात, तुमच्याच गादीवर फिरवतात आणि मग पांढरी पावडर दाखवून "मॅडम बघा किती कीडे" म्हणतात. माइट डोळ्यांना दिसतच नाही तर बघणार काय? ती पावडर म्हणजे कातडीचा कोंडा, कापडाचे तंतू, धूळ, कोणाच्याही गादीतून निघेल. मशीनची किंमत ऐकून सासूबाईंनी त्या मुलाला पाणी देऊन कटवलं. व्हॅक्युम वाईट नाही, पण जिवंत माइट्स कापडाला चिकटून बसतात, ते व्हॅक्युमने फारसे निघत नाहीत, वरवरचा कचरा तेवढा निघतो, आणि गादीला खोळ घातल्यावर त्याची गरजही राहत नाही. चादर बदलताना खोळीवरून ओल्या फडक्याने पुसून घेते, बस.

आता धुणं, कारण नुसती खोळ घालून काही होत नाही. खोळीच्या वरची चादर, अभ्रे, पांघरूण यांच्यावर आपला कोंडा रोज पडतच राहणार. दर आठवड्याला, आणि 55 ते 60 डिग्रीला. साध्या गार पाण्यात बराचसा कचरा धुऊन जातो पण माइट्स बहुतेक जिवंत राहतात. फ्रंट लोड मशीनला हीटर असतो, 60 चं बटण असतं, आपण ते कधी दाबत नाही एवढंच. टॉप लोडवाल्यांनी बघा, बऱ्याच मशीनना हीटर नसतो. माझ्या बहिणीकडे नेरूळला टॉप लोडच आहे, ती गीझरचं कडक पाणी बालदीत घेऊन चादरी भिजवते आणि मग मशीनला टाकते, तापमान मोजलं तर तेवढं राहत नाही बहुतेक, पण काहीच न करण्यापेक्षा बरं. लहान मुलं असतील तर ती बालदी बाथरूममध्ये उघडी ठेवू नका. ड्रायरवाली लॉन्ड्री जवळ असेल तर तिथल्या कडक उष्णतेनेही माइट्स मरतात.

60 डिग्रीचा फटका कपड्यांना बसतो हे सांगायला हवं. गडद रंगाच्या चादरी विटतात, सोलापुरी चादरीचा रंग इतर कपड्यांना लागतो, तिला एकटीलाच टाका. म्हणून मी आता सरळ पांढऱ्या आणि फिक्या कॉटनच्या चादरी घेते, तुर्भ्याच्या आयकियात गेलो तेव्हा लेबलवर टबच्या चित्रात 60 लिहिलंय का ते बघूनच उचलल्या. नवऱ्याला वाटलं मी किंमत बघतेय. पण खोळ मात्र दर आठवड्याला धुवायची नाही, दोन-तीन महिन्यांनी पुरे, आणि थरवाली असेल तर लेबलवर असेल तेवढ्याच तापमानाला, ड्रायर तर नकोच, थराचे पापुद्रे सुटतात आणि मग ते कव्हर फक्त नावाला राहतं.

मऊ खेळणी: मुलीचं अस्वल झिपलॉक पिशवीत घालून रात्रभर आणि पुढचा दिवसभर फ्रीझरमध्ये, मग धुणं. थंडीने माइट मरतो, कचरा जात नाही, म्हणून नंतर धुवायचंच. फ्रीझरमध्ये मटाराच्या शेजारी अस्वल बघून सासूबाई काय म्हणाल्या ते इथे लिहीत नाही.

पावसाळ्यात चादर पूर्ण वाळल्याशिवाय घालू नका, दमट चादर म्हणजे माइटला मेजवानी. मी इस्त्री फिरवून घेते. सकाळी उठल्या उठल्या पांघरूण घडी करून वर बेडकव्हर ओढायची आपली सवय असते ना, तेही थांबवलंय, तासभर बेड उघडा ठेवते पंख्याखाली, रात्रीचा घाम उडून जाऊ दे. घर आवरलेलं दिसत नाही, पाहुणे आले तर येऊ देत.

फरक पडला का? पडला. पण लगेच नाही, पहिल्या आठवड्यात मला वाटलं पैसे पाण्यात. दीड-दोन महिन्यांनी सकाळच्या शिंका दोन-चारवर आल्या, रात्री तोंड उघडं ठेवून झोपणं बंद झालं. नाकाचा स्प्रे मात्र चालूच आहे, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून, त्यामुळे सगळं श्रेय खोळीला देणार नाही. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की नुसत्या कव्हरवर फार भरवसा ठेवू नकोस. 2003 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये दोन मोठे अभ्यास आले होते, एक दम्याच्या हजाराहून जास्त मोठ्या माणसांवर, एक नाकाच्या ॲलर्जीवाल्यांवर, दोन्हीत फक्त कव्हर घालून लक्षणांत फरक पडला नाही. मग 2017 मध्ये इंग्लंडमध्ये माइटची ॲलर्जी आणि दमा असलेल्या मुलांवर झाला, दम्याच्या ॲटॅकने हॉस्पिटलला जाऊन आलेली मुलं, त्यात खरी कव्हरं मिळालेल्यांपैकी वर्षभरात साधारण 29 टक्के मुलांना परत ॲटॅकसाठी हॉस्पिटल गाठावं लागलं आणि खोटी (दिसायला तशीच, पण माइट न अडवणारी) कव्हरं मिळालेल्यांपैकी 41 टक्क्यांच्या वर. म्हणजे लहान मुलाला दमा आणि माइटची ॲलर्जी दोन्ही असेल तर मी एक दिवस थांबणार नाही. मोठ्यांनी कव्हर, गरम धुणं आणि औषध असं सगळं मिळून करायचं, एकाच गोष्टीकडून चमत्काराची अपेक्षा नको. आणि टेस्टमध्ये माइट निघालाच नसेल तर या सगळ्यात पैसे घालू नका, तुमचा प्रॉब्लेम वेगळा आहे.

"अँटी माइट" गादीबद्दल विचारलं होतं काहींनी. कापडावर केमिकल मारलेलं असतं, ते किती दिवस टिकेल याची खात्री नसते, आणि गादीवर आपला कोंडा तर पडतच राहणार. जुनी गादी ठीक असेल तर तिलाच खोळ घाला. डांबराच्या गोळ्या, कापूर, फवारे गादीत घालू नका, आधीच चिडलेल्या नाकाला त्या वासाने अजून त्रास होतो.

शेवटी मापाचं, कारण यातच बहुतेकांचे पैसे अडकतात. माप गादीचं घ्या, पलंगाचं नाही. लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही, इंचात, चादर काढून, आणि जाडी मधोमध नाही तर कडेला मोजा कारण जुनी गादी मध्ये दबलेली असते. कव्हर जाडीला अर्धा-एक इंच मोठं चालेल, लांबी-रुंदीला मोठं घेतलंत तर रात्रभर सुरकुत्या टोचतात आणि लहान घेतलंत तर झिप तुटते. कस्टम माप परत घेत नाहीत, ऑर्डर करायच्या आधी दुसऱ्या कोणाकडून तरी एकदा मोजून घ्या. आणि खात्री नसेल तर आधी फक्त उशांची मागवा.